खाडीतली गाळपेर

लोक मला म्हणतात, मावशी, तुम्ही तर सगळा मुलूख पाहिला. मी काय पाहिलं ते सांगते. गाड्या उभ्या करायच्या जागा पाहिल्या. देवळामागचे नळ पाहिले, धर्मशाळांची अंगणं पाहिली. माणसं किल्ल्यावर चढली की मी खाली कांदे चिरायचे आणि ती उतरली की वाढायचे. कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले आहे. तिथला पाण्याचा नळ उजव्या हाताला आहे, याहून जास्त मला सांगता येणार नाही.

माझं काम सहलीच्या गाडीवर स्वयंपाक करायचं. नांदेड-लातूरकडची शेतकरी माणसं सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की घराबाहेर पडतात. गावचं, भावकीचं मिळून एक गाडी करतात. देव बघतात, समुद्र बघतात, पण तोंडाला चव घरचीच लागते. दोन दिवस जवारीची भाकर मिळाली नाही की यांची तोंडं उतरतात आणि भांडणं सुरू होतात. म्हणून गाडीबरोबर आचारी लागतो. गाडीच्या पोटात शेगड्या, सिलिंडर, पातेली, पराती, पीठ, तांदूळ, डाळ, सगळं भरून न्यायचं. सकाळी मुरमुऱ्याचा सुसला आणि चहा, दुपारी भाकरी आणि भाजी, संध्याकाळी वरणभात. पाऊसपाण्यात अडकलो तर येसर. भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ असतं ते. उकळत्या पाण्यात घोळलं की आमटी तयार, वर तेलाची धार. येसर सोबत असलं की मी जंगलातही पन्नास माणसं जेवू घालीन.

या कामात निम्मी अक्कल जागा निवडण्यात लागते. जमीन सपाट पाहिजे, पाणी जवळ पाहिजे, वारा नको. गाडीवर ड्रायव्हर रशीदभाई असायचे. ते उदगीरचे. आजा टांगा हाकायचा, बाप ट्रक, आणि हे बस. ‘आमचं खानदान चाकावरचं’ असं ते सांगायचे. मला ते आपा म्हणायचे, थोरली बहीण म्हणून. पण ते गाडीसाठी जागा बघायचे आणि मी शेगडीसाठी, त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

“आपा, इथं झाड हाय, मस्त सावली हाय.”

“झाडाखाली पाखरं हागतेत, रशीदभाई. पुढं घ्या.”

“पुढं घ्या, पुढं घ्या. असंच पुढं घेत गेलो तर घरी पोचू.”

पाणी चाखल्याशिवाय डाळ टाकायची नाही, हे मला कोकणाने शिकवलं. एकदा एका खाडीकाठच्या गावात उतरलो. विहीर पायऱ्यांची, पाणी काचेसारखं. मी तूर चढवली. ती शिजेचना. गॅस मोठा केला, सोडा टाकला, डाळ आपली गोट्यांसारखी खडखडतेय. तोवर दुसऱ्या शेगडीवरचा चहा नासला. मग मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. खाडीचा खार विहिरीत उतरला होता. रशीदभाई पिंप घेऊन लांबच्या गावी गेले. ते येईपर्यंत मी सुसल्यावर सुसला वाढला. नायगावचे एक मास्तर ताट घेऊन तिसऱ्यांदा आले आणि म्हणाले, “मावशी, आज मुरमुऱ्याचं व्रत हाय का?” मी म्हटलं, “हाव. उद्यापनाला तुम्हालाच बोलवीन.”

त्याच सहलीत दोन भाऊ होते, माळकरी. कोकणात उतरल्यापासून नाकाला रुमाल लावून फिरायचे, माशांचा वास सहन होत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी जेवायला आले नाहीत. मग हळूच येऊन म्हणतात, मावशी, नुसती भाकर द्या, भूक न्हाई. बोटांना जो वास येत होता तो काही भाकरीचा नव्हता. मी भाकरीसोबत ताटात दोन लिंबाच्या फोडी ठेवल्या. हात धुवायला बऱ्या पडतात.

असे पुष्कळ सांगता येतील. पण मला माणसं विचारतात ते आप्पांचं. म्हणून तेच नीट सांगते.

आप्पा शिरूर अनंतपाळकडचे. सत्तरीला आलेले, काटक. त्यांच्या गावाला मोठा तलाव आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागतं. जेवढं सरकेल तेवढी काळी ओली जमीन उघडी पडते. तिच्यात लोक हरभरा पेरतात, जवारी पेरतात. खत लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही. गाळातच पेरा, म्हणून गाळपेर. आप्पांचा जन्म पाण्याच्या मागे मागे पेरत जाण्यात गेला होता. उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय माघारी येत नाही, हे त्यांना सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक.

आणि माणूस मातीवेडा. गाडी थांबली की बाकीचे आडोसा बघायचे आणि आप्पा माती. चिमूटभर उचलायचे, दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे, जिभेला लावायचे. त्यांची बायको गंगाबाई शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “घरची माती खाऊन पोट भरलं न्हाई ह्यांचं. आता मुलखाची खायला निघालेत.”

कोकणात आम्ही खाडीकाठच्या एका राखीव जंगलात गेलो. राखीव म्हणजे सरकारने राखलेलं, तिथलं झाड तोडायचं नाही, पाखरू धरायचं नाही. मावळतीच्या वेळी गावातल्या बायका होडीतून फिरवून आणतात, हजारो बगळे झाडांवर मुक्कामाला येतात, ते बघायचं. आत जाळ करायला बंदी. म्हणून माझ्या शेगड्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लागल्या. तिथून दगडी बांध होता आणि बांधावरून खाडी सगळी दिसायची.

असं जंगल मी आधी पाहिलं नव्हतं. झाडं चिखलात उभी आणि त्यांची मुळं जमिनीतून उलटी वर आलेली, कुणी खिळे पेरावेत तशी. रखवालदार सगळ्यांना सांगत होता की चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात.

“झाडाला नाक असतंय व्हय?” गंगाबाईंनी विचारलं.

“एक नाही आजी, शंभर,” तो म्हणाला.

“मंग सर्दी झाल्यावर कसं करतंय ते?”

 त्याने पुढे सांगितलं की दिवसातून दोनदा इथे पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. आत्ता ओहोटी आहे, कुणी चिखलात उतरू नका. तशी पाटीही होती. सगळ्यांनी माना हलवल्या. पण कानांनी ऐकलेलं आणि उभ्या जन्मात डोळ्यांनी पाहिलेलं, यांत पाहिलेलं वरचढ ठरतं. समुद्रावर लाटा असतात, तिथे माणूस आपोआप जपून राहतो. इथे लाट नाही, आवाज नाही. लांब एका नाल्यात थोडं पाणी आणि अलीकडे सगळा चकचकीत काळा गाळ. आमच्या माणसांना तो पौष महिन्यातला तलाव वाटला.

निम्मी माणसं रखवालदाराबरोबर पहिल्या होडीतून गेली होती. दुसरी होडी बांधाजवळ चिखलात टेकून कलंडली होती. पाणी आल्यावर ती सुटणार आणि मग उरलेल्यांना नेणार. होडीवाली सुगंधा, चाळिशीची, सडसडीत बाई, बांधावर पाय सोडून बसली होती. मी भाकरी थापत होते. तेवढ्यात आप्पा हातात काळा गोळा घेऊन माझ्यापुढे आले.

“बाई, ही बगा. कशी चिकणी हाय. लोण्यावानी. एवढा मोठा गाळ पडलाय अन् कुणी एक दाणा टाकीना.”

“खारी असंल, आप्पा.”

“वरची खारी असंल. वरची माती खोटं बोलती. हातभर खाली गेल्याबिगर खरं कळत न्हाई.”

“पाटी वाचली का?”

“वाचली की. ती शहरातल्या लोकांसाठी हाय. त्यांना गाळात चालाय येत न्हाई.”

तव्यावर भाकरी होती. ती उलटून मी वर बघितलं तोवर ते गेले होते. थोड्याच वेळात गंगाबाईंची हाक आली. रडण्याची नव्हती ती, शेतात बैल शिरल्यावर मारतात तशी होती.

“अवो! तिकडं कुठं चाललाव? माघारी फिरा!”

आम्ही बांधावर गेलो. आप्पा बरेच आत गेले होते. गाळात चालायची त्यांची रीत खरीच होती, तळव्याने चाचपत, पाय आडवे टाकत. पण ती रीत तलावाच्या गाळाची. तिथे खाली घट्ट जमीन असते. इथे खाली काहीच नव्हतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला त्यांनी डाव्यावर जोर दिला, आणि डावा मांडीपर्यंत गेला. मग ते जिथल्या तिथे रुतून बसले, खुंटा ठोकल्यासारखे.

“काय झालं?” रशीदभाईंनी ओरडून विचारलं.

“काही न्हाई. पाय धरलाय तिनं,” आप्पा म्हणाले. आवाज अजून निवांत होता.

आणि मग नाल्यातलं पाणी बदललं. मघाशी त्यात एक वाळलेलं पान समुद्राकडे चाललं होतं. आता पान आमच्याकडे येत होतं. भरती सुरू झाली होती.

रशीदभाई बूट काढून उतरायला लागले. मी त्यांची कॉलर धरली. “तुम्ही बी अडकलाव तर गाडी कोण हाकंल?” तेव्हा ते गाडीकडे धावले आणि टपावरचा दोरखंड घेऊन आले. माणसांनी फास करून टाकला, दोनचारदा चुकला, मग आप्पांनी तो बगलेखाली घेतला. सहासात जणांनी दोर धरला आणि बैलगाडी ओढावी तसा हिसका दिला.

आप्पा जे ओरडले ते मला अजून ऐकू येतं. पाय तसूभर हलला नाही. वरचं शरीर तेवढं पुढे आलं.

“ओढू नकात!” सुगंधा बांधावरून धावत आली. “माणूस येवचो नाय, पाय तुटतले!”

“मंग काय करावं? बघत बसावं?” एक जण तिच्या अंगावर गेला.

“पाणी येऊक व्हया. पाणी इला काय चिखल सैल पडता. तोवर गप रवा.”

तिची बोली आम्हाला निम्मी कळत होती. पण हे सगळ्यांना कळलं, आणि कुणालाच पटलं नाही. ज्या पाण्यात माणूस बुडेल अशी भीती, त्याच पाण्याची वाट बघा म्हणते! “येडी हाय का ही?” “धरा रे दोर!” माणसांनी पुन्हा दोर हातात घेतला. मी दोरावर बसले. दुसरं काही सुचलं नाही. अंगाने मी चांगली भरलेली आहे, त्याचा जन्मात तेवढा एकदाच उपयोग झाला.

“मावशी, उठा! म्हातारा बुडंल अन् पाप तुम्हाला लागंल!”

“लागू द्या. ह्या बाईचा जन्म ह्या चिखलात गेलाय. तुमचा कुठं गेलाय?”

असं म्हटलं खरं, पण माझीही खात्री नव्हती. तिने सांगितलेलं चुकलं तर? माणूस तर गंगाबाईंचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं. “गंगाबाई, तुम्ही सांगा. ओढू द्यायचं का थांबायचं?”

गंगाबाई सुगंधापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “तुझा माणूस असता तिथं, तर काय केलं असतंस?”

“माझो घोव दोनदा अडाकलो,” ती म्हणाली. “दोनीदा पाण्यानच काढल्यान.”

“घोव म्हंजे?”

“नवरो गो, नवरो!”

गंगाबाई मग वळल्या आणि एकेका गड्याच्या हातातून दोर काढून घेतला. टोक माझ्या हातात दिलं. “धरून बसा. ओढू नका, सोडू बी नका.”

सुगंधाला काहीतरी रुंद, सपाट पाहिजे होतं. मी माझ्या दोन्ही मोठ्या पराती दिल्या. पिठाचा गोळा तसाच दगडावर टाकला. तिने होडीतली फळी घेतली, फळीवर पोटावर पालथी पडली आणि हातांनी चिखल मागे सारत सरड्यासारखी सरकत गेली. पराती पुढे ढकलत नेल्या. आप्पांच्या दोन्ही बगलेत एकेक परात पालथी घातली आणि त्यांना म्हणाली, “आजोबांनू, मागे रेला. खाटेर निजतात तसे.”

“पाय अडकलेत अन् निजू कसा?”

“पाय इसरा. पाय माझे.”

आप्पा मागे रेलले. सुगंधा त्यांच्या पायाजवळ हात घालून चिखल मोकळा करत राहिली. बाकी काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही वाट बघू लागलो. पाणी यावं म्हणून वाट बघणं आम्हाला नवीन नाही, पण अशी बघितली नव्हती.

रशीदभाई माझ्यामागे उभे राहून दुआ पुटपुटत होते. गंगाबाई बांधाच्या अगदी कडेला बसल्या. सूर्य समोर खाली आला होता, आणि सगळा चिखल तांब्याच्या घासलेल्या परातीसारखा झाला. मग मला दिसलं की पाणी काठाने येतच नाही. ते खालून येतं. चिखलात खेकड्यांची बारीक बिळं होती, त्यांतून आधी बुडबुडे आले, मग एकेका बिळातून पाण्याची जीभ बाहेर आली आणि शेजारच्या जिभेला मिळाली. भिंतीत ओल चढते तसं. आवाज म्हणाल तर तेल तापताना होतो तेवढाच.

“अवो!” गंगाबाईंनी हाक मारली. “काय करायलाव?”

“पडलोय की!”

“भ्या वाटायलंय का?”

आप्पा मग म्हणाले, “वाटायलंय. पण इथं एक गंमत हाय.”

“कसली?”

“मासा चालायलाय!”

“काय?”

“मासा! पुढच्या परांवर चालायलाय, कोपरावर चालावं तसा. माझ्याकडं बगायलाय. डोळे डोस्क्यावर हायत त्याचे.”

“मराय टेकलाव अन् मासे बगायलाव!” गंगाबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज फाटला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “गेला का बसलाय?”

“बसलाय. अजून एक आला. भांडायलेत.”

“कशावरून?”

“भावकी असंल.”

बांधावर कुणीतरी हसलं. पाणी आप्पांच्या कमरेशी आलं होतं. सुगंधाचं अर्धं अंग पाण्यात. माझ्या हातातला दोर ओला होऊन जड झाला. मागून एक जण हळूच म्हणाला, मावशी, आता तरी. मी दोराचा मनगटाला आणखी एक वेढा घेतला.  तो मागे सरला.

बगळे यायला लागले. आधी चारदोन, मग रांगाच्या रांगा, आमच्या डोक्यावरून. झाडं बघता बघता पांढरी झाली. ज्याच्यासाठी एवढ्या लांबून आलो ते हेच, आणि बांधावरची सगळी माणसं पाठ फिरवून एका म्हाताऱ्याकडे बघत होती.

पाणी त्यांच्या पोटावर चढलं. सुगंधा एकदम ओरडली, “आता! आता पाय हलवा, सायकल चालवतात तसो!”

“मला सायकल येत न्हाई!”

“मोट हाणा मंग!” गंगाबाई बांधावरून ओरडल्या. “मागं-पुढं, मागं-पुढं!”

आप्पांनी पाय हलवला. चिखलातून एक घाणेरडा आवाज आला आणि डावा पाय वर तरंगला. अख्खा, काळा, लाकडासारखा. उजव्याला वेळ लागला. सुगंधाने तोंड पाण्याखाली घालून दोन्ही हातांनी तो धरला. ती वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. मी बांधावर मोजत नव्हते, पण ती फार वेळ खाली होती. मग सुगंधा आणि पाय एकदमच वर आले आणि आप्पा पाण्यावर उताणे तरंगले, बगलेत माझ्या पराती.

तोवर टेकलेली होडीही डुलायला लागली होती. ज्या पाण्याने म्हातारा सोडला त्यानेच होडी सोडली. एव्हाना धावत आलेल्या गावातल्या बायकांनी ती आत नेली आणि दोघांना वर घेतलं. मग मी दोर सोडला. हातावर त्याचे वळ आठवडाभर होते.

मी पिण्याच्या पिंपातलं गोडं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. एरवी त्या पाण्याला मी कुणाला हात लावू देत नसे. गंगाबाई पदराने त्यांचे पाय पुसत होत्या, बोटं एकेक करून हलवून बघत होत्या.  आता ही बाई रडणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी पाय पुसून झाल्यावर विचारलं, “मंग? हरभरा येईल का?”

आप्पांनी मान खाली घातली. “न्हाई येत. खालपर्यंत खारी हाय.”

त्या रात्रीच्या भाकरीला थोडी कचकच होती. पराती मी तीनदा घासल्या होत्या. पण कुणी तक्रार केली नाही, आणि ती माझ्या कामातली एकमेव जेवणाची पंगत, जिच्यात मी काही सांगायच्या आत माणसं रांगेत बसली.

निघताना गंगाबाईंनी सुगंधाची ओटी भरली. नारळ तिथलाच, खण आपला, आणि तांदळाऐवजी माझ्या पोत्यातली जवारी. मग हात धरून म्हणाल्या, “येळवशीला आमच्याकडं यायचं. मी न्यायला माणूस धाडीन.” असं माणसं म्हणतात, आणि विसरतात. गंगाबाई विसरल्या नाहीत. पुढच्या साली रशीदभाईंची गाडी कोकणातून रिकामी परत येत होती, तिच्यातून सुगंधा आणि तिचा नवरा आले. मलाही बोलावणं होतं, पाहुणी म्हणून. तरी पोचल्यावर भाज्या-शेंगांची पातळ भज्जी मीच ढवळली. दुसऱ्याच्या हातची मला पाहवत नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही. सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, आणि मग आंबील, भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे. वाटेने जाणाऱ्यालाही हात धरून बसवतात. आप्पांची पंगत तलावाच्या पोटात होती, गाळपेरीच्या कडेला. हरभरा वीतभर आलेला, पलीकडे पाणी, शांत, ऊन पडलेलं. सगळे खाली उतरले. सुगंधा काठावरच उभी राहिली.

“ये की गं,” गंगाबाई म्हणाल्या.

“आज अमावस्या,” ती म्हणाली. “अमावसेक दुपारचा उधाण असता.”

“इथं न्हाई येत पाणी. जूनशिवाय न्हाई.”

“जूनशिवाय?” तिने नवऱ्याकडे बघितलं. “म्हणजे वर्षातून एकदा?”

“आलं तर,” आप्पा म्हणाले.

ती त्या पाण्याकडे बघत राहिली. जे पाणी वर्षातून एकदा येतं, आणि तेही आलं तर, असलं पाणी तिने पाहिलं नव्हतं. तिने चप्पल काढली, एक पाय पुढे टाकला, तळव्याने जमीन चाचपली, पुन्हा मागे घेतला. पंगत वाढलेली होती, आंबील गाडग्यात गार पडत होती. गावातल्या चारदोन बायका हसल्या आणि तिला हाताला धरून आणायला उठल्या.

“बसा खाली,” आप्पा त्यांच्यावर ओरडले. “कुणी ओढायचं न्हाई तिला.”

मग आम्ही सगळे वाढलेल्या पानांना हात न लावता बसलो, तिचा दुसरा पाय हरभऱ्यात पडेपर्यंत.